जुन्या संगणकाचे दुखणे : म्हातारपण की आपसांतले भांडण?

यंत्र जुने झाले म्हणजे ते मंदावणारच, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. बैल म्हातारा झाला की त्याच्याने नांगर ओढवत नाही, दोर झिजला की तो तुटतो. त्याच न्यायाने घरातील दहा-बारा वर्षांचा संगणक सकाळी सुरू व्हावयास चहाचा पेला रिकामा होईपर्यंत वेळ घेऊ लागला, म्हणजे ‘त्याचे वय झाले’ असे म्हणून घरचा कर्ता माणूस मोकळा होतो. तालुक्याच्या गावी दुकानात विचारावे, तर तेथेही पुष्कळदा तेच उत्तर मिळते : हा टाकून द्या आणि नवा घ्या. नवा घ्यावयाचा म्हणजे हजारो रुपये मोजावयाचे. ज्या घरात मुलीच्या महाविद्यालयाची फी, पावसाळ्यापूर्वीची कौलांची शाकारणी आणि म्हाताऱ्या आईचे औषधपाणी या सर्वांचा मेळ एकाच बेताच्या प्राप्तीत घालावयाचा असतो, त्या घरात हा प्रश्न लहान नव्हे. यास्तव हे दुखणे खरोखर वयाचे आहे काय, हे आधी तपासून पाहिले पाहिजे.

संगणकाचा मुख्य कामकरी म्हणजे प्रोसेसर. ज्या प्रोसेसरवर २.४ गिगाहर्ट्‌झ असे लिहिलेले असते, त्याचे एका सेकंदात २४० कोटी ठोके पडतात. विकत घेतला त्या दिवशी जितके पडत होते, तितकेच दहा वर्षांनंतरही पडू शकतात. सिलिकॉनच्या चकतीला बैलासारखे स्नायू नाहीत की ते थकावेत. वयाचा परिणाम होतो तो मुख्यतः हलणाऱ्या भागांवर, म्हणजे पंख्यावर आणि आत तबकडी फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर. शिवाय मदरबोर्डवरील काही कपॅसिटर फुगतात आणि प्रोसेसरवर लावलेला उष्णतावाहक लेप वाळून जातो. नवे नवे प्रोग्राम जुन्या यंत्राकडून अधिक काम मागतात, हेही खरे. परंतु त्यामुळे येणारा मंदपणा हळूहळू येतो. काल बरा चाललेला संगणक आज एकाएकी रखडू लागला, अथवा एखादा नवा भाग बसविल्यापासून, दुरुस्तीहून परत आल्यापासून रखडू लागला, तर तेथे वयापेक्षा निराळ्याच कारणाचा संशय घ्यावा. ते कारण म्हणजे यंत्राच्या भागांचे आपसांतील भांडण.

भांडण म्हणजे काय? एकच साधन दोघांनी एकाच वेळी मागणे. वेगवान भागाला मंद भागाच्या दावणीला बांधणे. किंवा एका नादुरुस्त भागाने बाकीच्या सर्वांना ताटकळत ठेवणे. या तिन्ही प्रकारांत प्रत्येक भाग वेगळा काढून पाहिला तर बहुधा ठीक दिसतो. बिघाड त्यांच्या एकत्र राहण्यात असतो. म्हणूनच तो वरवर पाहणाऱ्याच्या नजरेस येत नाही.

भांडणाचा पूर्वेतिहास

हे भांडण पर्सनल कॉम्प्युटरच्या जन्माइतकेच जुने आहे. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यात प्रोसेसर आपले काम करीत असताना कीबोर्ड, घड्याळ, फ्लॉपी, प्रिंटर यांना त्याचे लक्ष वेधून घेण्यासाठी आठ तारांची सोय केलेली होती. मोठ्या वाड्यात निरनिराळ्या खोल्यांतून स्वयंपाकघराकडे घंटांच्या दोऱ्या नेलेल्या असाव्यात, आणि कोणती घंटा वाजली यावरून कोणी हाक मारली ते आचाऱ्याला कळावे, तशी ही योजना. या हाकेला ‘इंटरप्ट’ म्हणतात. १९८४ च्या पी.सी. एटी या यंत्रात आणखी आठ तारा आल्या. परंतु एक तार दोन्ही संच जोडण्यात खर्ची पडल्यामुळे वापरावयास पंधराच उरल्या.

पुढे घरोघर आवाजाचे कार्ड, मोडेम, स्कॅनर येऊ लागले आणि दोऱ्या अपुऱ्या पडल्या. पहिल्या साउंड ब्लास्टर कार्डांना कारखान्यातूनच सातव्या क्रमांकाची तार नेमून दिलेली असे. प्रिंटरची तारही सातवीच! माऊस पहिल्या सिरियल जोडणीवर आणि मोडेम तिसऱ्या जोडणीवर लावला, तर दोघांचीही हाक चौथ्याच तारेवरून जाई. मग टेलिफोन लाइनवरून संदेश येऊ लागला की माऊस जागच्या जागी थिजे. माऊसही चांगला आणि मोडेमही चांगला. परंतु आचाऱ्याला कळेना की हाक कोणाची. त्या काळी कार्डावरील चिमुकल्या जंपरच्या टोप्या काढून दुसऱ्या दांड्यांवर बसवाव्या, तेव्हा तंटा मिटत असे.

१९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आली आणि तारांची वाटणी यंत्राने आपली आपण करावी, अशी सोय झाली. त्याच सुमारास पसरलेल्या पी.सी.आय. पद्धतीत एक तार दोघांनी समजुतीने वापरणे शक्य झाले, आणि नंतरच्या पी.सी.आय. एक्स्प्रेसमध्ये तर हाक तारेऐवजी संदेशाच्या रूपाने पाठविता येऊ लागली. त्यामुळे जुन्या तऱ्हेचा तंटा आता क्वचितच आढळतो. तथापि भांडणाची जात नाहीशी झालेली नाही. तिने केवळ जागा बदलली आहे.

हल्लीच्या तंट्यांची ठिकाणे

पहिले ठिकाण रॅमचे. संगणक मंदावला म्हणजे ‘रॅम वाढवा’ हा सल्ला सर्वत्र मिळतो, आणि तो पुष्कळदा योग्यही असतो. परंतु १३३३ च्या वेगाची जुनी पट्टी आणि १६०० च्या वेगाची नवी पट्टी शेजारी शेजारी बसविल्या, तर दोन्ही १३३३ नेच चालतात. औताला जोडलेल्या दोन बैलांत जो हळू, त्याच्याच चालीने औत चालते. एवढ्याने फारसे बिघडत नाही. परंतु काही मदरबोर्डांना विजोड पट्ट्या मानवत नाहीत, आणि मग संगणक मधूनच गोठतो अथवा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. याउलट सारख्या दोन पट्ट्या योग्य जोड-खाचांत बसविल्या, तर प्रोसेसरला ये-जा करण्यास दोन वाटा मिळतात. चुकीच्या खाचांत बसविल्या, तर एकाच वाटेवर गर्दी होते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरगुती विंडोजची ३२ बिटांची आवृत्ती चार गिगाबाइटांहून अधिक रॅम वापरू शकत नाही, आणि प्रत्यक्षात तिच्या वाट्यास तीन-साडेतीनच येतात. अशा यंत्रात आठ गिगाबाइट घालणे म्हणजे दोन पायलीच्या मापात चार पायली भात ओतणे होय.

दुसरे ठिकाण हार्ड डिस्कच्या केबलचे. रुंद, चपट्या पट्टीसारख्या केबलच्या जमान्यातील यंत्रे काही ठिकाणी अजून कपाटावर असतील. त्यांत एकाच केबलवर हार्ड डिस्क आणि सीडीचा ड्राइव्ह अशी दोन बिऱ्हाडे राहत, आणि एका वेळी त्यांतील एकालाच बोलता येई. सीडीवर ओरखडा असला व तो ड्राइव्ह पुन्हा पुन्हा वाचण्याचा यत्न करू लागला, की हार्ड डिस्कही खोळंबत असे. विंडोज एक्सपीमध्ये तर असा नियम होता की, केबल सैल अथवा सदोष असल्यामुळे देवघेवीत वारंवार चुका झाल्या, म्हणजे यंत्र आपण होऊन पायरीपायरीने वेग उतरवी आणि अखेर पी.आय.ओ. नावाच्या सर्वांत जुन्या पद्धतीवर येई. वरच्या पद्धतीत सेकंदाला १०० मेगाबाइटांपर्यंत ने-आण करण्याची सोय, तर या पद्धतीत फार तर १६.६, आणि तीही प्रोसेसरने स्वतः एकेक घमेले उचलून न्यावे अशा रीतीने. एकदा खाली उतरलेला वेग केबल बदलल्यावरही आपोआप वर येत नसे. डिव्हाइस मॅनेजरमधून ती जोडणी काढून टाकून संगणक पुन्हा सुरू करावा लागे. किती तरी यंत्रे केवळ एका केबलपायी ‘म्हातारी’ ठरली असतील! हल्लीच्या चिंचोळ्या साटा केबलवर प्रत्येक डिस्कचे बिऱ्हाड स्वतंत्र असते. तरीही सैल झालेली साटा केबल यंत्राला आजही रखडवू शकते.

तिसरे ठिकाण यूएसबीचे. दुसऱ्या पिढीच्या यूएसबीची वाट सेकंदाला ४८० मेगाबिटांची असते, आणि एका हबवर लावलेली सर्व उपकरणे तीच वाट वाटून घेतात. कॅमेरा, बाहेरची डिस्क व प्रिंटर एकाच हबवर असतील, तर कोणाच्याच वाट्यास पुरेसे येत नाही. बिघडलेला पेन ड्राइव्ह खोचलेला राहिला, तर सुरू होताना संगणक त्याच्या उत्तराची वाट पाहत थबकतो. जुन्या पेटीला निळ्या जिभेची खाच असेल तर ती बहुधा तिसऱ्या पिढीची, अधिक रुंद वाट असते. बाहेरची डिस्क तेथेच लावावी.

चौथे कारण खरे पाहता भांडणाचे नव्हे, परंतु त्याचे सोंग हुबेहूब घेते. ते म्हणजे उष्णता. किनाऱ्यावरची दमट खारी हवा, घाटावरची उन्हाळ्यातील धूळ, मुंग्यांची वारुळे व पालींची अंडी यांनी पेटीतील पंखा व जाळ्या भरून जातात. प्रोसेसर तापला की स्वतःस जपण्यासाठी आपला वेग आपणच उतरवितो. सकाळी तासभर बरा चालणारा आणि दुपारी रखडणारा संगणक दिसला, तर प्रथम धुळीचा विचार करावा.

शोधाची रीत

आता तपासावे कसे, ते पाहू. यासाठी अभियंत्याची पदवी लागत नाही. सबुरी, एक वही व एक पेन्सिल एवढे पुरे. नियम एकच, आणि तो मोडू नये : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आला, तर तो कशाने आला हे कळत नाही.

सर्वांच्या आधी कागदपत्रे व छायाचित्रे यांची नक्कल पेन ड्राइव्हवर अथवा बाहेरच्या डिस्कवर करून घ्यावी. जमिनीचे उतारे, दाखले, लग्नसमारंभांची चित्रे, कैलासवासी वडीलधाऱ्यांचे जपून ठेवलेले आवाज, हे सारे यंत्राहून मोलाचे आहे. यंत्र बाजारात मिळते; हे मिळत नाही.

मग कीबोर्ड, माऊस व पडदा यांखेरीज बाहेरून लावलेली सर्व उपकरणे काढावी आणि संगणक सुरू करून, बटण दाबल्यापासून काम करता येईपर्यंत किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून वहीत मांडावे. वेग सुधारला, तर तंटा बाहेरच्या पाहुण्यांतच आहे. एकेक परत लावून चोर ओळखावा.

सुधारला नाही, तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. काही काम चालू नसताना डिस्कचा आकडा बराच वेळ शंभर टक्क्यांवर राहत असेल, तर डिस्ककडे पाहावे. मेमरीचा आकडा सदैव टोकाला असेल, तर रॅम खरोखरच अपुरी आहे. विंडोज १० मध्ये ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ अशी एक ओळ दिसते. तिचा वाटा सामान्यतः एखाद-दुसऱ्या टक्क्याहून अधिक नसतो. तो सतत मोठा दिसला, तर कोणता तरी भाग अथवा त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला अखंड हाका मारीत आहे असे समजावे. ही तीच १९८१ ची घंटा!

त्यानंतर विंडोजचे बटण व एक्स हे अक्षर एकत्र दाबून येणाऱ्या यादीतून डिव्हाइस मॅनेजर उघडावा. ज्या भागापुढे पिवळे उद्गारचिन्ह असेल, त्यावर दोनदा क्लिक केले असता कारण लिहिलेले आढळते. त्यात ‘कोड १२’ दिसला, तर त्या भागाला लागणारे साधन शिल्लक नाही, म्हणजे हा शब्दशः वाटणीचा तंटा होय; न लागणारा दुसरा एखादा भाग तेथूनच बंद केल्याने तो मिटू शकतो. इंटरप्टचा आकडा मोठा असल्यास आवाजाचे कार्ड, नेटवर्कचे कार्ड असे भाग एकेक करून तात्पुरते बंद करावे व आकडा पाहावा. पडदा, डिस्क व प्रोसेसर यांना मात्र हात लावू नये. संगणक ‘सेफ मोड’मध्ये चपळ व एरवी मंद असेल, तर भाग बहुधा निर्दोष असून दोष ड्रायव्हरचा किंवा आपोआप सुरू होणाऱ्या एखाद्या प्रोग्रामचा असतो.

इतक्याने उलगडा झाला नाही, तरच ज्या पेटीला आपण सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो ती उघडावी. प्लग भिंतीतून काढावा, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून आत उरलेली वीज जाऊ द्यावी, ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहू नये, आणि आतल्या भागांस शिवण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. मऊ कुंचल्याने धूळ काढावी. फुंकर अथवा हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ज्या डब्यातून सर्व भागांना वीज मिळते, तो एसएमपीएस कदापि उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणी वीज साठून राहते.

रॅमचा शोध कसा घ्यावा, हे उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दोन गिगाबाइटच्या जुन्या पट्टीशेजारी चारची नवी पट्टी बसविली आणि तेव्हापासून संगणक गोठू लागला. नवी पट्टी काढली, गोठणे थांबले. येथेच पुष्कळ लोक ‘पट्टी खराब’ असा निवाडा देतात. परंतु तो घाईचा होय. आता जुनी पट्टी काढून नवी एकटीच जुनीच्या खाचेत बसवावी. तरीही गोठला, तर पट्टी सदोष आहे अथवा त्या मदरबोर्डाला मानवत नाही. न गोठता चालला, तर मग जुनी, निर्दोष पट्टी त्या दुसऱ्या खाचेत एकटी बसवून पाहावी. आता गोठला, तर दोष पट्टीचा नसून खाचेचा : तिच्यात धूळ बसली असेल, अथवा दमट हवेने स्पर्शबिंदू काळवंडले असतील. आणि दोन्ही पट्ट्या दोन्ही खाचांत एकेकट्या नीट चालत असून एकत्र आल्या म्हणजेच गोठतात असे दिसले, तर ते खरे भांडण; तेथे दुकानदाराकडून सारख्या वेगाची जोडी बदलून घ्यावी. चार वेळा पेटी उघडली, परंतु निर्णय पक्का झाला, आणि निर्दोष वस्तू फेकून देण्याची वेळ आली नाही.

संगणकाचे घड्याळ रोज सकाळी कित्येक वर्षे मागे गेलेले आढळत असेल, तर मदरबोर्डवरील बटणाएवढा तीन व्होल्टचा सेल संपला आहे. तो थोड्या पैशांत मिळतो. परंतु तो संपला की यंत्राने लक्षात ठेवलेल्या जोडण्यांच्या सूचनाही पुसल्या जातात आणि नवनवे तंटे उद्भवतात. सेल बदलताना त्यावरील क्रमांक पाहून तसाच आणावा.

कोठे थांबावे

सर्वच दुखणी भांडणाची नसतात, हेही मान्य केले पाहिजे. हार्ड डिस्कमधून टक्‌टक् आवाज येऊ लागला, किंवा मदरबोर्डवरील कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली, तर तेथे घरगुती उपाय संपले. डिस्कची नक्कल त्याच दिवशी करून घ्यावी. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसविणे हा जुन्या यंत्रावरील बहुधा सर्वांत फलदायी खर्च होय. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा समोर येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा सुमारे चार हजारांश भाग लागतो, आणि वाचणारा दांडा सरकण्याचा वेळ वेगळाच. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने हे थांबणे जवळजवळ नाहीसे होते. साटा केबल असलेल्या जुन्या पेटीतही ती बसते.

मात्र एक मर्यादा वेगाची नसून सुरक्षिततेची आहे. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुष्कळ जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. आधार संपलेल्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. अशा यंत्रावर लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घालून घेतली, तर मुलांचा अभ्यास, पत्रलेखन व हिशेब यांसाठी ते आणखी काही वर्षे खुशाल चालेल.

तपासणी पुरी झाली म्हणजे वही फेकून देऊ नये. कोणती पट्टी कोणत्या खाचेत आहे, कोणती केबल केव्हा बदलली, सुरू होण्यास किती मिनिटे लागत होती व आता किती लागतात, हे तारखांसह लिहून ती वही पेटीजवळच ठेवावी. पुढच्या वेळी यंत्र रखडले आणि ते दुकानात न्यावेच लागले, तर वही बरोबर न्यावी व दुकानदारापुढे उघडून ठेवावी. ज्या गिऱ्हाईकाजवळ अशी नोंद असते, त्याला ‘वय झाले, टाकून द्या’ एवढ्या उत्तरावर सहसा कोणी परत पाठवीत नाही.